खालच्या सुराने पाडलेलं झाड

सान्ता रीता,
राखेच्या बुधवारनंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप अर्तेमियो मामांना,
भाचा नेप्तालीचा वाकून नमस्कार.

तुमची प्रकृती उत्तम असावी, उजवा गुडघा जिना चढू देत असावा, आणि मामींनी बंद केलेलं तळलेलं डुक्कर तुम्ही अजूनही कोपऱ्यावरच्या टपरीवर चोरून खात असावेत, अशी सान्ता रीताच्या चरणी प्रार्थना. इकडे सगळे खुशाल आहेत. (अशी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. कोण किती खुशाल आहे ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा.) आईची साखर आटोक्यात आहे, जीभ नाही. रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना ती तुमचं नाव काढते आणि लगेच कोंबड्यांना शिव्या देते. त्या शिव्या खरं तर कुणासाठी असतात हे आता कोंबड्यांनाही कळलेलं आहे.

पत्रास कारण असं की रविवारी कार्निव्हलचा झाडतोडीचा युन्सा झाला, झाड पडलं, आणि ते मी पाडलं असा आळ माझ्यावर आला. ज्या जोडीच्या घावाने झाड आडवं होईल त्या जोडीने पुढच्या वर्षीचा युन्सा घालायचा, नवं झाड आणायचं, फांद्याफांद्यांना भेटवस्तू बांधायच्या आणि अख्ख्या वस्तीला बकरं घालायचं आणि मक्याची दारू, म्हणजे चिचा, पाजायची, हा नियम तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी सांगितला, कारण सगळा घोळ त्याच नियमाचा आहे. आणि मी तर कुऱ्हाडीला हातही लावला नव्हता. माझ्या हातात बेस गिटार होती.

पण त्याआधी विल्मरबद्दल सांगायला हवं. विल्मर म्हणजे कासिमिरोकाकांचा थोरला, आमच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (अकरा वर्षांपूर्वी जत्रेत कासिमिरोकाकांच्या ऑर्गनखाली तुमची बेस गिटार ऐकू येईना म्हणून तुम्ही भर गाण्यात वायर उपटलीत आणि गिटार खांद्याला लावून ताक्नाची बस धरलीत, त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. भाच्याने मामाचं काढू नये. एवढंच लिहितो की बसवाल्याने स्पीकरचा खोका चढवू दिला नाही, म्हणून तो इथे राहिला आणि माझ्या नशिबी आला.) तर विल्मरचा उजवा हात सोन्यासारखा आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही पण पत्रात म्हणतो. वाद आहे तो डाव्या हाताचा. गाण्यातले खालचे सूर बेस गिटारने धरायचे, त्यासाठीच देवाने आणि तुम्ही मला चार तारा दिल्यात. विल्मरचा डावा हात मात्र निम्मं कडवं होईपर्यंत गपगुमान बसतो आणि मग हळूच कीबोर्डच्या तळाकडे घसरतो. मी खाली जातो तिथे हा आधीच मांडी ठोकून बसलेला. दोघांचे सूर एकमेकांत कालवून असा लगदा होतो की गाणं कुठलं चाललंय ते फक्त ढोलकवाल्याला कळतं, कारण तो ऐकतच नाही.

मी त्याला समजावलं नाही असं नाही. डावा हात वरच्या अंगाला ठेव, नाहीतर मी वाजवतो तिथे गप्प बस, दोनच पर्याय दिले. त्यावर त्याचं म्हणणं असं की मी वेळेवर खाली पोचत नाही, म्हणून त्याला माझी जागा धरून ठेवावी लागते. जागा धरायला ही काय बसची सीट आहे? मग मी माझा आवाज थोडा वाढवला. मग त्याने त्याचा थोडा वाढवला. मी माझ्या बटणापाशी नोएमीच्या नेलपॉलिशने खूण केली, याच्या खाली कुणी आणायचं नाही म्हणून. पुढच्या कार्यक्रमाला बघतो तर विल्मरच्या बटणापाशीही खूण, आणि तीही त्याच रंगाची. (माझ्या बायकोचं नेलपॉलिश त्याच्याकडे कसं गेलं हे मी विचारलं. नोएमी म्हणाली, मागितलं म्हणून दिलं, दोघांनी एकदाचं काय ते रंगवून घ्या.)

मधल्या मध्ये नोएमीचे हाल. गाते ती, आणि ऐकू येतो आमचा भूकंप. पुइकानांच्या लग्नात आम्ही दोघांनी मिळून एक सूर असा धरला की नवरदेवाच्या आजीने टेबलावर पेल्यात काढून ठेवलेली कवळी पेल्यातल्या पेल्यात बोलायला लागली. आजीबाई घाबरून छातीवर क्रूसाची खूण करत बसल्या.  त्या दिवशी घरी अंगणात आल्यावर नोएमी चप्पल काढत म्हणाली, "तुम्हा दोघांच्या मध्ये मी गातेय की विहिरीत पडलेय, हे लोकांना कळत नाही रे."

मग उपाय तिनेच काढला. त्यानंतरच्या बारशाला तिने विल्मरच्या डाव्या हातात बदक घातलेल्या भाताची भरलेली ताटली दिली आणि सांगितलं, गाणी संपेपर्यंत ही खाली ठेवायची नाही. माझा जीव भांड्यात पडला. पहिलं गाणं असं सुरेख झालं की काय सांगू, माझे सूर मला स्वतःला ऐकू आले. (दोन चुकीचेही ऐकू आले, पण ते असो.) दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर भात संपला. विल्मरला ताटलीभर भात खायला दीड गाणं पुरतं, हे आमच्या हिशोबात नव्हतं. रिकामी ताटली त्याने गुडघ्यावर ठेवली आणि डावा हात पुन्हा कामाला लागला, आता बदकाच्या तुपाने ओशट होऊन आणखी सराईतपणे घसरणारा.

हे सगळं अशा थराला आलेलं असताना रविवार उजाडला. यंदाचा युन्सा एदेल्मिराकाकूंचा होता. त्यांनी गेल्या वर्षी झाड पाडलं तेव्हा ते चुकून पाडलं असं त्या अजून सांगतात, पण युन्सा घातला मात्र झोकात. विलोचं उंच झाड आणून मैदानात रोवलेलं, त्याला प्लॅस्टिकच्या बादल्या, टोपल्या, चादरी, बाहुल्या, बाटल्या. वायर आखूड पडली म्हणून तुमचा खोका झाडापासून चार पावलांवर, वाळूतच ठेवावा लागला. त्यात कार्निव्हल, म्हणजे सकाळपासून जो तो ज्याच्या त्याच्या डोक्यावर पाण्याच्या बादल्या ओततोय. ते सगळं पाणी कुठे गेलं असेल? झाडाच्या बुंध्याशी. आणि सावली बघून विल्मरने आपली तीनचाकी मोटोटॅक्सी त्याच झाडाखाली उभी केलेली. (मी त्याला सांगणार होतो. पण आम्ही त्या दिवशी बोलत नव्हतो.)

दुपारपर्यंत सगळं रीतीप्रमाणे झालं. जोड्या नाचत नाचत फेर धरायच्या, एक जोडी कुऱ्हाड घेऊन तीन घाव घालायची आणि पुढच्या जोडीला द्यायची. सुरुवातीला पुरुषांना काय चेव असतो तुम्हाला माहीतच आहे, बायकोसमोर दंड दाखवायचे असतात. बुंधा मनगटाएवढा उरला तसा चेव ओसरला. नगरपालिकेच्या बाबाने कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने झाडाला गोंजारलं. सिल्वेरिओला एकदम पाठीत उसण भरली. आमचे उबाल्दो मास्तर तर कुऱ्हाड अशी फिरवत होते की वारा लागला तर लागला. त्यांनी तीन वेळा वारा घातला, कुऱ्हाड अलगद वाळूत ठेवली आणि बायकोचा हात धरून पाच पावलं मागे सरकले. पाच पावलं, हे सगळ्या वस्तीने पाहिलं.

नेमकं तेव्हाच विल्मरने बटण एक घर वर नेलं. मी पाहिलं. मी दोन घरं नेलं. त्याने माझ्याकडे न बघता डावा हात तळाच्या शेवटच्या पट्टीवर ठेवला. म्हटलं असं काय, आणि मी सगळ्यात जाड तार मोकळीच सोडली. दोन्ही सूर एकाच क्षणी खोक्यात शिरले. खोक्याने असा काही हुंकार दिला की माझ्या पायातले बूट वाळूत रुतले. मग झाड हललं. घाई न करता, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने दुपारचं लवंडावं तसं ते कलंडलं आणि विल्मरच्या मोटोटॅक्सीच्या टपावर आडवं झालं. बुंध्यापाशी कुणीही नव्हतं. कुऱ्हाड वाळूत पडलेली होती.

भेटवस्तूंवर झुंबड उडाली ती उडाली. (आईने एक टोपली आणि दोन बादल्या पटकावल्या. बासष्ट वर्षांची बाई.) धुरळा बसल्यावर मात्र प्रश्न आला की पाडलं कुणी. सगळे मास्तरांकडे बघायला लागले, कारण शेवटची कुऱ्हाड त्यांची. आणि मामा, उबाल्दो मास्तरांनी तिथे जे विज्ञान शिकवलं ना, ते शाळेत कधी शिकवलं असतं तर आमच्यातला निदान एक तरी इंजिनियर झाला असता. ध्वनी म्हणजे काय, लहरी कशा जातात, ओली वाळू कशी सरकते, वरचा सूर हवेत विरतो आणि खालचा जमिनीतून कसा चालतो, सगळं त्यांनी काठीने वाळूत आकृत्या काढून सांगितलं. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. शेवटी म्हणाले, झाड खालच्या सुराने पाडलं. आणि काठी माझ्याकडे केली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नोएमीच्या तर चेहऱ्यावरच लिहिलेलं दिसलं मला, पुढच्या वर्षी अख्ख्या वस्तीसाठी बकरं कोण शिजवणार ते. आता मी जे बोललो ते मी तुम्हाला प्रामाणिकपणे लिहितो, कारण तुम्हाला इतरांकडून कळण्यापेक्षा बरं. मी म्हणालो, खालचा सूर माझा नव्हताच, तो विल्मरच्या डाव्या हाताचा होता. वर्षभर सगळ्यांना सांगत आलो की खाली फक्त माझी जागा, कीबोर्डचं तिथे काय काम. आणि आता भर मैदानात ओरडून सांगतोय की माझी गिटार म्हणजे काय हो, नावाला असते, खरं वजन सगळं कीबोर्डचं. विल्मर तरी काय कमी? वर्षभर जागा धरून ठेवणारा हा माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला की कीबोर्ड हे वरच्या सुरांचं वाद्य आहे, डाव्या हाताने तो फक्त घाम पुसतो. आम्ही दोघांनी एकमेकांचं इतकं कौतुक जन्मात केलं नव्हतं.

एदेल्मिराकाकूंनी कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी भोपळ्याची वाटी काठोकाठ चिचेने भरून तुमच्या खोक्यावर ठेवली. म्हणाल्या, एकेकाने वाजवायचं, ज्याच्या सुराने सांडेल त्याचा युन्सा. मी वाजवलं. मामा, मी तारेला हात लावला म्हणण्यापेक्षा तिची विचारपूस केली म्हणा. चिचेच्या फेसातला एक बुडबुडाही फुटला नाही. विल्मरने करंगळीने पट्टी दाबली, तीही नखाने. वाटी ढिम्म. काकू म्हणाल्या, लुच्चे आहात दोघं, आता सगळं गाणं वाजवा, नोएमी तूही गा, बघते किती वेळ सूर चोरता ते.

आता इथे काय झालं ते मला नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे. आम्ही दोघंही जीव मुठीत धरून वाजवत होतो. तो खाली येतोय असं वाटलं की मी थांबायचो, मी येतोय असं दिसलं की तो हात उचलून वरच्या अंगाला न्यायचा. वर्षभरात पहिल्यांदा मी त्याच्या हातांकडे भांडायला नव्हे तर बघायला बघत होतो. मी सूर धरला की तो त्यावर चार हलके ठोके टाकायचा आणि बाजूला व्हायचा. आणि या सगळ्याच्या वर, मोकळा, नोएमीचा आवाज. मामा, माझी बायको इतकं चांगलं गाते हे मला लग्नाला सात वर्षं होऊन गेल्यावर कळलं, आणि मला भयंकर लाज वाटली. दुसऱ्या कडव्याला वाटीकडे बघणारं कुणी उरलं नाही, सगळे नाचत होते. मास्तरही.

कासिमिरोकाका खुर्चीत होते. हल्ली ते खुर्चीतच असतात. कार्यक्रमाला येतात, काठीवर हनुवटी टेकवून बसतात आणि आमचं वाजवणं सुरू झालं की डोळे मिटून घेतात. आम्हाला वाटायचं झोपले. त्या दिवशी त्यांचे डोळे उघडे होते. गाणं संपल्यावर त्यांनी विल्मरला आणि मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "असं वाजवायचो आम्ही. मी आणि अर्तेमियो. नंतर मला ऑर्गन मोठा करायची दुर्बुद्धी झाली." एवढंच. मग त्यांनी पाणी मागितलं.

वाटीतला थेंब सांडला नव्हता. एदेल्मिराकाकू म्हणाल्या, निकाल जेवणानंतर. बकरं झालं, चिचा झाली, आणि मग त्यांनी निकाल दिला. मी सुटलो, विल्मरही सुटला. मोटोटॅक्सीचा टप ठोकून सरळ केला आहे, फक्त आता पाऊस पडला तर पाणी बरोब्बर चालकाच्या मानेवर पडेल, पण पाऊस आपल्याकडे कुठे पडतो. बँडचं ठीक चाललं आहे. नेलपॉलिशच्या खुणा दोघांनीही खरवडून काढल्या.

मामींना नमस्कार, मुलांना गोड पापा. गुडघ्याला जपा. आईचा तुम्हाला आशीर्वाद आहे, शब्द मात्र कोंबड्यांचेच आहेत, म्हणून लिहीत नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
नेप्ताली

ता. क. निकालाचा तपशील लिहायचा राहून गेला. एदेल्मिराकाकूंचं म्हणणं पडलं की सूर कुणाचाही असो, तो बाहेर आला खोक्यातून, तेव्हा झाड खोक्याने पाडलं आणि जो खोक्याचा मालक त्याचा पुढचा युन्सा. मी लगेच हात झटकले, कारण दर नाताळला तुम्ही फोनवर बजावता की खोका माझा आहे, तुला फक्त ठेवायला दिलाय. तरी कुणाला शंका नको म्हणून तो फिरवून पाहिला, तर मागच्या फळीवर निळ्या रंगात चक्क लिहिलेलं: मालक अर्तेमियो, हात लावू नये. तेव्हा मामा, मनःपूर्वक अभिनंदन. पुढच्या वर्षीचे यजमान तुम्ही.

ता. क. २. झाड विल्मर आणतो म्हणालाय (मोटोटॅक्सीतून, कसं ते विचारू नका). बँड घरचा. बकरं नोएमी शिजवेल, आता तिची ना नाही. फक्त पहिला फेर यजमानाने स्वतः नाचायचा असतो, तिथे बदली माणूस चालत नाही. तुमच्या गुडघ्याचं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, लंगडत नाचला तरी चालेल, पण इथे येऊन. येताना गिटार आणा. आई अकरा वर्षं वाट बघतेय, मलाही तुमची फार आठवण येते, आणि हे लिहायला मला उगाच चार पानं लागली.

ता. क. ३. तुम्ही म्हणाल, मी तर त्या खोक्यावर आयुष्यात काही लिहिलं नाही. बरोबर आहे. आजीच्या ज्या कपाटाच्या फळ्यांचा तो केलाय, त्याचा जुना वॉर्निश तेवढा त्यावर होता. निकाल काय देणार हे काकूंनी आधीच आमच्या कानात सांगितलं होतं, म्हणून सगळे बकऱ्यावर तुटून पडलेले असताना विल्मरने मोटोटॅक्सीचा निळा रंग काढला, मी डबा धरला, तो पहाऱ्याला उभा राहिला, आणि ब्रश कासिमिरोकाकांनी घेतला. हात थरथरतो त्यांचा, म्हणून तुमच्या नावाचं शेवटचं अक्षर खाली ओघळलंय. मी म्हटलं, काका, मामा हे वाचून भयंकर चिडतील. ते ब्रश पुसत म्हणाले, "चिडू दे. चिडून गेला होता, चिडूनच येईल."